विश्लेषण : गाय ठणठणीत, मग तिचे रक्त कशाला तपासायचे?

गाय चारा खाते, दूध देते, ताप नाही की सुस्ती नाही. तरीही तिच्या रक्तात क्रिमियन-काँगो हेमोरेजिक फीव्हरचा, म्हणजेच ‘काँगो तापा’चा विषाणू असू शकतो. माणसासाठी जीवघेणा ठरणारा हा विषाणू जनावराला सहसा आजारीच पाडत नाही.

भारतात तो कसा कळला?

जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावच्या एका महिलेचा मृत्यू झाला. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) नमुने तपासले आणि निदान पक्के झाले. गावातल्या जनावरांत संसर्गाच्या खुणा सापडल्या, पण त्यानंतर. गोठ्यातून आधी काहीच कळले नव्हते.

सिंधुदुर्गातल्या वाचकांना माकडताप ठाऊक असेल. तोही गोचिडीमुळेच होतो. पण तिथे जंगलात माकडे मरू लागली की यंत्रणा सावध होते. काँगो तापात असा इशारा देणारा प्राणीच नाही.

मग पाळत ठेवायची कशी?

जनावराच्या रक्तात विषाणू साधारण आठवडाभरच असतो, त्यामुळे तो नेमका सापडणे नशिबाचाच भाग. अँटिबॉडी मात्र दीर्घकाळ टिकतात, म्हणून त्याच शोधतात. जोडीला हायलोमा जातीच्या गोचिडी गोळा करून तपासतात.

२०१३-१४ मध्ये २२ राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचे ५,६३६ नमुने तपासले गेले. ३५४ मध्ये अँटिबॉडी आढळल्या, म्हणजे सुमारे सहा टक्के. आकडा लहान वाटेल, पण त्यातून विषाणू देशात दूरवर पसरल्याचे दिसले. अँटिबॉडी असलेली गाय आज रोग पसरवतेय, असा याचा अर्थ नाही. तिला कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढाच.

हा निष्कर्ष पशुसंवर्धन विभागाच्या फाइलीत पडून राहिला, तर सगळी मेहनत वाया. तो तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला हवा. ताप आणि रक्तस्राव घेऊन आलेल्या रुग्णाला ‘घरी जनावरे आहेत का?’ असे वेळीच विचारले गेले, तर हातमोजे आणि मास्क आधी चढतात.

पशुपालकांनी काय करावे?

गोचीड चिमटीत धरून चिरडायची सवय सोडा. तिच्या रक्तातूनही संसर्ग होतो. जनावर कापताना हातमोजे घाला. नीट शिजवलेल्या मांसातून हा आजार होत नाही.