यहूदाने प्रभूचा विश्वासघात का केला?

पवित्र सप्ताहातील बुधवारच्या मिस्सामध्ये यहूदा इस्कर्योतच्या विश्वासघाताचे वाचन (मत्तय २६:१४-२५) होते. प्रभूने स्वतः निवडलेल्या बारा प्रेषितांपैकी एकाने असे का करावे?

शुभवर्तमानकार याचे एकच उत्तर देत नाहीत. मार्क कारण सांगतच नाही. यहूदा मुख्य याजकांकडे गेल्यावर ते पैशाचे वचन देतात. मत्तयात तो स्वतः मोबदला विचारतो व त्याला चांदीची ३० नाणी मिळतात. योहानाच्या मते तो सामाईक थैलीतील पैसे चोरणारा होता. लूक व योहान सैतान त्याच्यात शिरल्याचे सांगतात. रोमी सत्ता न उलथवणाऱ्या मसीहाविषयी तो निराश झाला असावा, हा केवळ काही अभ्यासकांचा तर्क आहे.

१८ ऑक्टोबर २००६ रोजीच्या प्रबोधनात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी हे गूढच असल्याचे म्हटले व पेत्राचे उदाहरण दिले. पेत्रानेही प्रभूला तीनदा नाकारले होते. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने नाणी परत नेली, आपले पाप कबूलही केले. परंतु ज्या याजकांपुढे केले त्यांनी त्याला झिडकारले आणि तो निराशेत बुडाला. पेत्र रडला, मात्र प्रभूच्या क्षमेपासून दूर गेला नाही.

यहूदाचा न्याय करणे आपले काम नव्हे. आपल्या हातून विश्वासघात घडतो तेव्हा आपण कोणाकडे वळतो, हा खरा प्रश्न आहे. प्रायश्चित्त संस्कारात प्रभू आजही आपली वाट पाहत आहे.