पहिल्या वर्षाला काय शिकवावं?

मोनाड ही हास्केल या फंक्शनल भाषेतली कल्पना आज नाही. गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं खरं, पण मधल्या काळात एका पॉलिटेक्निकमधल्या बाईंचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून पुढे जाववेना. पत्र जरा वैतागूनच लिहिलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की तुमचं फंक्शनल प्रोग्रामिंगचं कौतुक वाचायला बरं वाटतं, पण आमच्याकडे येणारी निम्मी मुलं सी नाहीतर पायथॉन थोडंफार शिकूनच येतात. त्यांना येतंय ते सोडून हास्केलच्या वाटेला का न्यायचं?

हाच प्रश्न २००१ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या कॉम्प्युटर सायन्स विभागात पेटला होता. तिथे पहिल्या वर्षाला हास्केल शिकवत असत. ते काढून जावा आणायचं घाटत होतं. एड्सगर डायक्स्ट्रा तेव्हा निवृत्त झाले होते. सर्वांत कमी अंतराचा रस्ता शोधण्याच्या त्यांच्या अल्गोरिदमवर आपल्याकडे आजही दर परीक्षेत हमखास प्रश्न येतो, तेच हे डायक्स्ट्रा. त्यांनी विद्यापीठाच्या बजेट कौन्सिलला पत्र लिहिलं. गृहस्थ फाउंटन पेनानं लिहीत, प्रत्येक टिपणाला क्रमांक देत आणि झेरॉक्स काढून मित्रमंडळींना पाठवत. अशी तेराशेच्या वर टिपणं त्यांच्या नावावर आहेत.

या पत्रातला मला सगळ्यांत आवडणारा मुद्दा नेमका बाईंच्या शंकेला भिडतो. बाई म्हणतात, मुलांना आधीच येतं, म्हणून तेच पुढे न्यावं. डायक्स्ट्रांचं म्हणणं नेमकं उलट होतं: मुलांना आधीच येतं, म्हणूनच वेगळं काहीतरी समोर ठेवावं. शाळेत शिकलो तेवढंच प्रोग्रामिंग असतं, हा समज पहिल्याच महिन्यात मोडला पाहिजे. दुसरा मुद्दा गणिताचा. फंक्शनल प्रोग्रामकडे गणितातली वस्तू म्हणून बघणं सोपं जातं, त्यामुळे प्रोग्रामबद्दल काटेकोर विचार कसा करायचा हे शिकवता येतं. शिवाय हास्केल लेझी आहे. लागेपर्यंत काही मोजायचंच नाही, हा त्याचा खाक्या आपण या मालिकेच्या तिसऱ्या भागात पाहिला. कुठली ओळ कधी चालेल याचा माग काढत बसणं त्यात इतकं किचकट होतं, की विद्यार्थी तो नाद सोडून समीकरणांकडे वळतो. हा फायदाही त्यांनी मुद्दाम नोंदवला. जावावर त्यांनी जे ताशेरे ओढले ते इथे देत नाही. त्यावर पोट भरणारे वाचक बरेच आहेत.

इथे थोडं विषयांतर करतो. हेच डायक्स्ट्रा १९७८ साली फंक्शनलवाल्यांच्या अंगावर धावून गेले होते. फोरट्रानचे जनक जॉन बॅकस यांना १९७७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पारितोषिकाच्या वेळी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच रुळवलेल्या पद्धतीवर तोफ डागली. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या अरुंद नळीतून एकेक शब्द ये-जा करतो, आणि आपल्या भाषाही त्याच नळीच्या बेतानं विचार करायला लावतात, असा त्यांचा आरोप होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी प्रोग्रामांचं बीजगणित मांडलं. ते व्याख्यान छापून आल्यावर डायक्स्ट्रांनी टिपण लिहून त्याची सालं काढली. संशोधन ठीक आहे, पण जाहिरातबाजी फार, असा त्याचा मथितार्थ. बॅकस चिडले आणि दोघांत पत्रापत्री झाली. त्यानंतर दोन दशकांनी टीकाकारच वकील झाला. मला यात विसंगती दिसत नाही. १९७८ साली हातात फक्त घोषणा होत्या, २००१ साली शिकवून पाहिलेली भाषा होती.

आता प्रत्यक्ष वर्गात काय होतं ते सांगतो. माझ्या वर्गात सीमध्ये तरबेज असलेला एक मुलगा पहिल्याच तासाला म्हणाला, "सर, यात लूप कुठंय?" सवयीनं त्यानं वहीत चौकटी आखल्या आणि ड्राय रन सुरू केला: किंमत लिही, खोड, नवी लिही. पण खोडायला काही सापडेना. फळ्यावर एवढंच होतं:

लांबी [] = ०
लांबी (क : बाकी) = १ + लांबी बाकी

जोड [] य = य
जोड (क : बाकी) य = क : जोड बाकी य

रिकाम्या यादीची लांबी शून्य. नाहीतर पहिल्याचा एक आणि बाकीची लांबी. दोन याद्या जोडायची रीतही तशीच. मग विचारलं: अ आणि य या कुठल्याही दोन याद्या जोडल्या, तर लांब्यांची बेरीज होते हे कशावरून? सीवाला म्हणाला, "चालवून बघू." दहा उदाहरणं चालवली तरी अकरावं उरतंच. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अकरावीच्या गणितातलं इंडक्शन तिनं जसंच्या तसं इथे लावलं. अ रिकामी असेल तर डावीकडे लांबी य, उजवीकडे ० + लांबी य, झालं. अ म्हणजे (क : बाकी) असेल, तर डावी बाजू होते १ + लांबी (जोड बाकी य). लहान यादीसाठी विधान खरं धरलंय, म्हणून ती १ + लांबी बाकी + लांबी य. पहिल्या दोन पदांची मिळून लांबी अ. सिद्ध! फळ्यावरच्या चार ओळीच पुरावा म्हणून वापरल्या, वेगळं काही आणावं लागलं नाही.

सीमध्ये हेच सिद्ध करता येत नाही असं नाही. पण पॉइंटर कुठे बोट दाखवतोय, मधे कुणी किंमत बदलली का, हे सांभाळता सांभाळता पहिल्या वर्षाचं पोर रडकुंडीला येतं.

याच मुद्द्यावरून फंक्शनल मंडळींची आपसातही जुंपलेली आहे. एमआयटीत एबलसन आणि ससमन स्कीम ही भाषा वापरून शिकवत. त्यांचं १९८५ चं पुस्तक प्रसिद्धच आहे. १९८७ साली फिलिप वाडलर यांनी निबंध लिहून म्हटलं, की शिकवायला मिरांडासारखी भाषा बरी, कारण तिच्यात वरच्यासारखी समीकरणं थेट लिहिता येतात. हेच वाडलर भर व्याख्यानात शर्टाची बटणं काढून आतला सुपरमॅनछाप लॅम्डा, म्हणजे फंक्शनल प्रोग्रामिंगचं चिन्ह, दाखवतात. विद्वत्तेला असा पोरकटपणा शोभतो.

ऑस्टिनमध्ये शेवटी जावाच आली. एमआयटीनंही पुढे तो जुना अभ्यासक्रम सोडून पायथॉन धरलं. उलट कार्नेगी मेलनमध्ये २०११ च्या सुमारास पहिल्या वर्षाला फंक्शनल प्रोग्रामिंग आलं, स्टँडर्ड एमएल या भाषेतून. म्हणजे जगात याचा निकाल लागलेला नाही.

तेव्हा बाई, माझं मत असं. प्रोग्रामिंगचा पेपर बदलायच्या भानगडीत पडू नका. बाहेरचे परीक्षक येऊन सीच्या प्रोग्रामचं आउटपुटच विचारणार आणि कॅम्पसवाल्या कंपन्याही तेच. डायक्स्ट्रांना ही काळजी नव्हती, तुम्हाला आहे. त्याऐवजी गणिताच्या मास्तरांना गाठा. त्यांच्या तासांतले आठवड्याला दोन मागून घ्या आणि तिथे हास्केल आणा. इंडक्शन, संच, फंक्शन हे सगळं मुलं तिथे नाहीतरी घोकतातच. ते चालवून बघायला मिळालं तर घोकणं थांबेल. गणिताच्या तासाला हास्केल ही तडजोड नाही, माझ्या मते ती त्याची खरी जागा आहे. तयारीसाठी एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हास्केलचा कोर्स आहे. इंग्रजीत आहे, पण सावकाश आणि नीट शिकवलाय.

वरची चार समीकरणं पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा आणि मुलं नेमकी कुठे अडतात ते मला कळवा. मोनाड पुढच्या आठवड्यात, मधे आणखी कुणाचं पत्र आलं नाही तर.