गिअरची मूठ

मोटारीतील गिअरच्या दांड्यावरची मूठ ही तशी क्षुल्लक वस्तू. पण आमच्या घरची चूल वडिलांच्या जीपवर पेटते, आणि गेल्या पावसाळ्यात घाट उतरताना तीच मूठ निघून त्यांच्या हातात आली. उतारावर गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापतात. खालचा गिअर टाकून इंजिनानेच वेग आवरावा लागतो. दांड्याला रुमाल गुंडाळून वडिलांनी गाडी घरी आणली.

मूठ दांड्याच्या टोकावरील आट्यांवर फिरवून बसवतात. खाली बहुधा चेक नट असतो. नवी घेताना आट्यांचे माप जुळवावे. व्यास १० मिलिमीटरच असला, तरी दोन आट्यांतील अंतर १.२५ की १.५ मिलिमीटर, हे पाहावे. भलतीच मूठ जोराने फिरवल्यास दांड्याचे आटे जातात.

आमच्या मुठीचे आटे झिजले होते. वडिलांनी तिचे भोक कोरडे पुसून त्यात थोडे एम-सील भरले, दांड्याला ग्रीस लावले, मूठ फिरवून बसवली आणि रात्रभर सुकू दिली. ग्रीसमुळे एम-सील दांड्याला चिकटत नाही. मुठीत मात्र नवे आटे उमटतात. सकाळी चेक नट आवळला. रिव्हर्ससाठी मुठीखालची कडी ओढावी लागते, अशा गाडीत हा उपाय करू नये.

ही डागडुजी तात्पुरतीच; पुढच्या बाजाराच्या दिवशी नवी मूठ आणली. वडील चौथीपर्यंत शिकलेले. ग्रीस कशासाठी, हे मला त्यांना विचारावे लागले.