अहवाल हार्मोनचा, दुखणे उपासमारीचे

घरातील तरुण मुलगी जेवण टाळू लागते, वजन उतरते, मासिक पाळी थांबते. रक्ततपासणीत थायरॉइडचे टी-३ व इस्ट्रोजेन कमी आणि कॉर्टिसॉल वाढलेले आढळते. ‘हार्मोन बिघडल्यामुळेच हे झाले,’ असे मग घरचे समजतात. अ‍ॅनोरेक्सिया या आहारविकारात मात्र क्रम बहुधा उलटा असतो.

आवक आटली की जाणता व्यापारी लांबणीवर टाकता येणारे खर्च प्रथम थांबवतो. अन्न तुटले की शरीरही तेच करते. १९९४ साली शोध लागलेले, मेदातून स्रवणारे लेप्टिन घटते, मेंदू पाळी थांबवतो आणि थायरॉइडचे कार्य मंदावते. अशा वेळी थायरॉइडच्या गोळ्या दिल्यास वजन आणखी घटते, हृदयावर ताण येतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव झाला, तरी ती प्रकृती सुधारल्याची खूण नव्हे; हाडांची झीज चालूच राहू शकते.

मूळ उपाय म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला आहार, पूर्ववत झालेले वजन आणि मानसोपचार. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. अहवाल निर्दोष आला, तरी आहारविकार नाही असे ठरत नाही. म्हणून कागदावरील आकड्यांइतकेच मुलांच्या ताटाकडेही पालकांचे लक्ष असावे.