मामांचे पिस्तूल

हैदराबादच्या बेगम बाजारात आमचे आजोळ. मामांच्या तेराव्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा धोतरजोडीच्या घडीखाली एक पिस्तूल निघाले. काळेभोर, वीतभर लांब. त्यावर ना कारखान्याचे नाव, ना क्रमांक, ना एखादे अक्षर. मामी क्षणभर स्तब्ध झाल्या आणि पुटपुटल्या, "म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच होतं तर!"

लोक काय म्हणत, ते वाचकांना सांगावयास हवे. रझाकारांच्या धामधुमीत, अवघ्या अठराव्या वर्षी, मामांनी हत्यार बाळगले होते अशी वदंता आमच्या आप्तांत पूर्वापार होती. ती अगदीच अशक्य कोटीतली नव्हती. ४ डिसेंबर १९४७ रोजी याच शहरात नारायणराव पवारांनी निजामाच्या मोटारीवर बाँब फेकला होता आणि पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात पोलीस कारवाई होऊन संस्थानाचा निकाल लागला. त्या काळातल्या घरात एखादे पिस्तूल निघाले, तर कुणी नवल करू नये.

मला मात्र अभिमानाआधी भीती वाटली. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात एक तरतूद आहे. ज्या बंदुकीवर ओळखीची खूण नाही, तिची खूण बाळगणाऱ्यानेच खोडली असे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, गृहीत धरले जाते. परवानाधारकाच्या पश्चात राहिलेले शस्त्रही वारसांनी विनाविलंब पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. "कोणी चाप ओढू नका, नळीत डोकावू नका," असे पोरांना बजावून मी ठाण्यात वर्दी दिली. तिथले अधिकारी एका वृद्ध बंदूक-कारागिराला बरोबर घेऊनच घरी आले.

कारागिराने पिस्तूल तळहातावर तोलले आणि हसून लोहचुंबक मागितले. चुंबक दोन-चार स्क्रूंना चिकटले, अंगाला चिकटेना. मग त्यांनी पाठीवरून गेलेली साच्याची बारीक शिवण दाखवली. तोंड बाहेरून रुंद, परंतु आत पितळेची अरुंद, गुळगुळीत नळी. खऱ्या पिस्तुलाच्या पोलादी नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा असतात. इथे त्यांचा मागमूस नव्हता. काडतूस ठेवण्याची जागा नाही, त्यावर आघात करणारी टोचणीही नाही. मुठीतून एक पातळ पेटी निघाली आणि तिच्यातून मिरीच्या दाण्याहून किंचित मोठे, पांढरे प्लास्टिकचे मणी घरंगळले. सहा मिलिमीटरचे.

त्यांनी उलगडा केला, तो असा. वरचा भाग मागे ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते; चाप ओढताच ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दाबलेल्या हवेने मणी उडतो. या प्रकाराला 'एअरसॉफ्ट' म्हणतात. त्याचा जन्म १९७० नंतरच्या दशकात जपानमध्ये झाला. तिथे खरी बंदूक सामान्यांना दुर्लभ. हुबेहूब धातूच्या प्रतिकृतींवरही १९७१ आणि १९७७ साली निर्बंध आले. पुढे इतर आशियाई देशांतूनही स्वस्त नकला निघू लागल्या. अशा नकलांवर पुष्कळदा नाव छापलेले असे ते फक्त खोक्यावर. खोके गेले की नावही गेले! म्हणून आमच्या पिस्तुलाचा कारखाना ठरला नाही. परंतु १९४८ शी त्याचा काडीमात्र संबंध नाही, एवढे निश्चित ठरले.

मामींचा चेहरा उतरला. मग त्यांनाच आठवले : मामा कितीतरी वर्षे बाजारातल्या खेळण्यांच्या घाऊक पेढीवर हिशेब लिहीत असत आणि नमुन्याच्या वस्तू कधीकधी घरी येत. ट्रंकेच्या तळाशी एक भोवरा आणि पत्र्याची शिट्टीही होतीच. मी विचारले, "मामी, त्या दिवसांविषयी मामा स्वतः काय सांगत?" त्या म्हणाल्या, "काही नाही रे बाळा. ते कधीच बोलले नाहीत. कुणी विचारलं की नुसते हसायचे."

त्या हास्याचा अर्थ विचारून घेण्याची संधी मला तब्बल चाळीस वर्षे होती. मी शाळेत मुलांना साधनांवरून इतिहास पारखावयास शिकवतो आणि घरचे साधन मात्र बोलते होते तोवर एकदाही विचारले नाही, याची खंत पिस्तुलाहून जड आहे.

वस्तू अधिकाऱ्यांनी पंचनामा करून नेली आणि तेच बरे झाले. ती दिसायला खऱ्यासारखी; रस्त्यावर पोराच्या हाती दिसली तर अनर्थ ओढवावा, आणि तिचा मणी डोळ्याला लागला तर कायमची इजा व्हावी.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मंडळींचा इतिहास बव्हंशी अशा ट्रंकांतच आहे. एक विनंती करतो. घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर एकेका वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधा : ही काय, कुठून आली, कोणत्या साली. मामींनी हे आता सुरू केले आहे. परवा गेलो, तेव्हा त्या भोवऱ्याला चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर माझे नाव होते.