आधी छप्पर, मग कूलर

एप्रिल उजाडला की मालेगावच्या बाजारात कूलरच्या दुकानांपुढे हातगाड्या लागतात. लोखंडी पत्र्याचे, प्लास्टिकचे, रोखीचे, हप्त्याचे, सगळ्या तऱ्हेचे कूलर विकले जातात. ज्या घरात हा कूलर जातो ते घर पुष्कळदा पत्र्याचे असते. दोन खोल्या, एक खिडकी आणि पलंगावर उभे राहिले तर हाताला लागेल एवढ्या उंचीवर छप्पर. महिनाभरात घरच्यांना दोन गोष्टी कळतात. कूलरने खोली दमट झाली, पण गार झाली नाही. आणि विजेचे बिल डोळे फिरवील एवढे आले. मग तक्रार सुरू होते ती मीटरबद्दल. छपराबद्दल कुणीच बोलत नाही.

या पानावर एरवी आम्ही धंद्याच्या नफ्या-तोट्याचा हिशेब मांडतो. आज घराचा मांडत आहोत, कारण मालेगाव-भिवंडीसारख्या गावांत घर आणि धंदा वेगळे काढता येत नाहीत. पुरुष कारखान्यात यंत्रमागावर असतो, तर घरातली स्त्री दुपारभर त्याच पत्र्याखाली कांड्या भरते किंवा शिलाई करते. दुपारी बारा ते चार या वेळात पत्रा तव्यासारखा तापतो. त्या तव्याखाली बसणाऱ्या बाईच्या हातून काम कमी उतरते, मजुरी कमी पडते आणि पंखा-कूलरचे बिल मात्र वाढते. असा दोन्ही बाजूंनी मार बसतो.

उष्णता घरात येते कुठून हे आधी पाहू. एकमजली घराला दिवसभर सर्वाधिक ऊन लागते ते छपराला. भिंतींवर ऊन सकाळी एका बाजूने, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने येते. छप्पर मात्र सकाळपासून मावळतीपर्यंत उघडे पडलेले. तापलेला पत्रा नुसती हवा गरम करत नाही. चुलीसमोर बसल्यावर जशी धग अंगाला लागते, तशी त्याची धग सरळ खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर येते. पंखा ही धग अडवू शकत नाही. तो छताजवळची तापलेली हवा तेवढी खाली ढकलतो. "खाला, पंखा चालू असून गरम का होतं?" असे आम्ही एका घरी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "भाई, पंखा नाही हा, भट्टीचा भाता आहे." याहून नेमके उत्तर इंजिनियरही देणार नाही.

म्हणून खर्च करायचा तर पहिला रुपया छपरावर करावा. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छप्पर पांढरे करणे. पांढरा रंग ऊन परतवतो आणि काळपट रंग ते पिऊन घेतो. भर दुपारी काळवंडलेली गच्ची आणि शेजारची ताजी पांढरी गच्ची, दोन्हींवर हात ठेवून पाहावा. पहिलीवर हात ठेवता येत नाही, दुसरीवर येतो. आतल्या हवेत साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटेल, पण ज्या खोलीत दुपारी चाळीस अंश असतात तिथे तीन अंश म्हणजे बसता येणे आणि न येणे यातला फरक आहे.

यात नवे असे काही नाही. अहमदाबादेत २१ मे २०१० रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला होता. अभ्यासकांच्या हिशेबाने त्या एका महिन्यात त्या शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेशी लढण्याचा आराखडा तयार केला. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना लावण्याचे कामही तिथे झाले. तेलंगणा सरकारने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्याकडे सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. चुना बाजारात मिळतो आणि रंगाऱ्याचे हात आपल्याच मोहल्ल्यात आहेत.

मात्र छप्पर कसले आहे ते पाहून काम करावे. सिमेंटच्या स्लॅबला चुना चांगला धरतो. चुनकळी विरवून, गाळून, त्यात फेविकॉलसारखा डिंक मिसळावा आणि दोन-तीन हात द्यावेत. चुनकळीवर पाणी पडले की ती उकळते, तेव्हा मुलांना लांब ठेवावे आणि डोळे जपावेत. पावसाळ्यात हा थर धुऊन जातो, म्हणून काम दर वर्षी होळीच्या सुमारास करावे लागते. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याचे पोपडे निघतात. पत्र्याचा गंज पॉलिशपेपरने घासून त्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा. हा महाग पडतो, पण काही वर्षे चालतो. पत्रा सिमेंटचा, म्हणजे जुना ॲस्बेस्टॉसचा असेल तर तो कोरडा घासू नये आणि त्याला भोकेही पाडू नयेत. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. तो ओला करून हलक्या हाताने झाडावा आणि मग रंग द्यावा.

दुसरा उपाय पत्र्याखालचा. पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये एक आडपडदा असावा. बांबूची चटई, प्लायवूड, जिप्समचे तक्ते किंवा चंदेरी फॉइलची शीट पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून ठोकावी आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची तोंडे ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघून जाते. सगळी करामत त्या वीतभर पोकळीत आहे. शीट पत्र्याला चिकटवून टाकली तर निम्मा फायदा गेला असे समजावे. एका बाबतीत मात्र आम्ही हात जोडून सांगतो, साधे थर्माकोल लावू नका. ते स्वस्त असते आणि उष्णता अडवतेही चांगली, पण वायरची एक ठिणगी पुरते. ते पेटून, वितळून खाली झोपलेल्यांच्या अंगावर पडते. यंत्रमागाच्या गावात कापूस, सूत आणि जुने वायरिंग एकाच घरात असते.

स्लॅबच्या घराचे दुखणे निराळे. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि रात्री ते घरात सोडतो. म्हणून स्लॅबखाली मध्यरात्रीपर्यंत झोप येत नाही. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवण्याची आपल्या गवंड्यांची जुनी रीत आहे. त्याला ते चायना मोझेक म्हणतात. गळती थांबते, ऊन परतते आणि विटांचा थर उष्णता अडवतो. टाइल्सच्या दुकानातला फुटका माल यासाठी चालतो. स्लॅब जुना असेल तर त्याला हे वजन झेपेल का, हे जाणत्या माणसाला दाखवून घ्यावे.

इथे कोकणातल्या बांधवांशी थोडे बोलायचे आहे. म्हसळा, श्रीवर्धन, दापोलीकडची जुनी घरे मंगलोरी कौलांची. ही कौले १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागली आणि किनाऱ्याने पसरली. कौलांच्या फटींतून हवा खेळते आणि खालचा लाकडी माळा हाच आडपडदा होतो. पुढे आखाताचा पैसा आला. कौले उतरवून स्लॅब पडला, त्याला मोठमोठ्या काचा बसल्या आणि मग एसी आला. आता घरात दोन म्हातारी माणसे राहतात, मुलगा कुवेतहून पैसे पाठवतो आणि त्यातला मोठा वाटा बिलात जातो. स्लॅब पाडा असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यावर उतरते छप्पर घालून मधली जागा मोकळी ठेवली तर जुन्या माळ्याचे काम होते. पश्चिमेच्या काचांना पडदा लावायचा तर तो बाहेरून, बांबूची चिक लावून. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचते तेव्हा ते घरात आलेलेच असते. आणि कोकणात कूलर घेऊ नये. तिथली हवा आधीच दमट असते, पाण्याने ती गार होत नाही.

आता बिल. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले म्हणजे एक युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत. शंभर युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, पुढे आणखी वरचा. शंभराची रेघ ओलांडली की दर एकदम चढतो. दर बदलत असतात, ते आपापल्या बिलावर पाहावेत. लक्षात घ्यायचे ते असे की वाचवलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातले, म्हणजे तुमच्या बिलातले सर्वांत महाग युनिट असते. १४० युनिटांच्या घराने ४० युनिटे वाचवली तर बचत चाळीस महाग युनिटांची होते.

ही चाळीस युनिटे येणार कुठून? जुना पंखा ७५ वॅट खातो. रोज १८ तास चालला तर महिन्याला ४० युनिटे झाली. नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटवर चालतो, म्हणजे महिन्याला १६ युनिटे. एका पंख्यामागे २४ वाचली, दोन पंख्यांमागे ४८. पंख्यांना स्टारचे लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे, तेव्हा लेबल पाहून आणि पक्के बिल घेऊनच माल उचलावा. जुना खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केल्याने वीज फारशी वाचत नाही, ती रेग्युलेटरच्या खोक्यात तापून जाते. एसीचा मामला छपराशी बांधलेला आहे. खोली गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो आणि बचत तिथे होते. तापल्या छपराखाली त्याला थांबायला सवडच मिळत नाही. फ्रिज भिंतीपासून हातभर दूर असावा आणि चुलीजवळ नसावा. त्याच्या दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावावे, नोट सहज निघून आली तर रबर बदलावे. दिव्यांबद्दल फार लिहीत नाही, २०१५ पासून एलईडी घरोघर गेले आहेत.

जत्रेत, उरुसात आणि आठवडी बाजारात एक डबी विकायला येते. सॉकेटमध्ये खुपसा, बिल चाळीस टक्के कमी, असे विकणारा ओरडत असतो. त्या डबीत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. घरगुती मीटर ज्या युनिटांची मोजणी करतो ती अशा डबीने कमी होत नाहीत. उलट दिव्याची थोडी वीज वाढते. आमच्यापैकी एकाने ती घेऊन पाहिली आहे, अधिक काय सांगावे.

सौर पॅनेलबद्दल वाचक वारंवार विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये असे अनुदान ठरले. ज्याच्याकडे स्वतःची गच्ची आणि उरलेली रक्कम रोख आहे त्याने जरूर विचार करावा. पण विक्रेता बहुधा बँकेच्या कर्जाचा कागद पुढे करतो आणि व्याजाचा व्यवहार आपल्याला करायचा नाही. बिनव्याजी पतसंस्थांनी लग्न आणि आजारपणाप्रमाणे छपराच्या रंगाला आणि पंख्याला छोटी कर्जे द्यावीत, अशी आमची त्यांना सूचना आहे. रक्कम लहान असते आणि फेड बिलाच्या बचतीतून होते. घराची कागदपत्रे नसलेल्या पत्र्याच्या वस्तीत सौर पॅनेल लवकर पोचणार नाही, चुन्याची बादली मात्र आज पोचू शकते.

मोहल्ल्यातल्या तरुणांसाठी यात धंदाही आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगारी मोकळे असतात. चौघांनी मिळून शिडी, ब्रश आणि फवारणीचा पंप घेतला तर हंगामात छपरे पांढरी करण्याचे काम पुरून उरेल. सुरुवात मशिदीच्या गच्चीपासून करावी. जुम्याला शेकडो माणसे त्या छताखाली बसतात, फरक सर्वांना एकदम कळतो आणि वेगळी जाहिरात लागत नाही. वाहत्या पाण्याकाठीही वुजूचे पाणी उधळू नये हे ज्यांना लहानपणी शिकवले जाते, त्यांच्या मशिदीत रिकाम्या सफांवर पंखे फिरत राहतात. मुतवल्लींनी प्रत्येक पंख्याला वेगळे बटण करून घ्यावे.

पंख्याला भट्टीचा भाता म्हणणाऱ्या त्या खालांच्या पत्र्याला या वर्षी मार्चमध्ये पांढरा रंग लागला. रंग आणि मजुरी मुलाने कारखान्यातून उचल घेऊन भागवली. कूलर अजून घेतलेला नाही. दुपारची कांडी भरायची जागा त्यांनी दारातून पुन्हा आत आणली आहे. पश्चिमेची भिंत अजून तापते, तिच्यावर गोणपाट टांगायचे राहिले आहे.