एका ओळीचे उत्तर आणि लोणार

सामान्य ज्ञानाच्या मार्गदर्शकात एक प्रश्न हमखास असतो : महाराष्ट्रातील खाऱ्या पाण्याचे सरोवर कोणते? उत्तर : लोणार, जिल्हा बुलढाणा. एक गुण पदरात पडतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु या एका ओळीत विज्ञान, इतिहास, कला आणि शिक्षण हे चारही विषय कसे एकत्र नांदतात, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम विज्ञान. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद व जवळजवळ १५० मीटर खोल आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लाव्हारसापासून बनलेला. साहजिकच हा खड्डाही ज्वालामुखीचे मुख असावे, असे पूर्वी अनेक विद्वान मानीत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या मतास धक्का दिला. येथील खडकात मॅस्केलिनाइट नावाचे काचेसारखे द्रव्य आढळले. खडकातील खनिजावर अतिप्रचंड दाबाचा आघात झाला तरच ते तयार होते. असा आघात ज्वालामुखी करीत नाही. आकाशातून वेगाने येऊन आदळणारा अशनी करतो. चंद्रावरील काळसर मैदानेही बेसॉल्टचीच असल्यामुळे तेथील विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार फार मोलाचे वाटते.

पाणी खारे का? भोवतालचे ओहोळ विवरात उतरतात, पण पाण्याला बाहेर जाण्यास वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते. क्षार मात्र मागे राहतात. २०२० च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेक तर्कवितर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा खारटपणा वाढल्यावर फोफावणारे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचे आढळले.

आता इतिहास. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईने-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे. काच व साबण करण्यास लागणारे जिन्नस येथे मिळतात, असे तो सांगतो. या नोंदीचा उलगडा रसायनशास्त्राकडून होतो. सरोवरातील क्षारांत सोडा आहे, आणि काच व साबण या दोहोंस सोडा लागतो. पुढे १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली.

कलेचा विद्यार्थी लोणार गावातील दैत्यसूदनाच्या मंदिरापाशी थबकतो. तारकाकृती तळरचनेच्या या मध्ययुगीन मंदिराच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. लोणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली राहत असे व विष्णूने त्याचा वध केला, अशी कथा आहे. अशनीची कल्पना त्या काळी कोणाला नव्हती. पण येथे काही तरी विलक्षण घडले असले पाहिजे, जमिनीला पडलेले हे भगदाड साधे नव्हे, इतके त्या कथाकारांनी नेमके हेरले होते.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्यासारख्यांना सामान्य ज्ञान म्हणजे नोकरीच्या परीक्षेची किल्ली. तेव्हा पाठांतराला नावे ठेवून चालणार नाही. परंतु पाठ केलेले उत्तर शिळे होते. लोणारचे वय सुमारे ५० हजार वर्षे, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खडकातील आर्गॉन वायू मोजून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे मांडले गेले. ज्याने केवळ आकडा घोकला, तो येथे गोंधळतो. वय कसे मोजतात हे ज्याने विचारले, त्याला दोन आकड्यांतील फरक समजू शकतो.

मित्रहो, नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. सांडपाणी आणि गोडे पाणी वाजवीपेक्षा जास्त उतरले, तर या पाण्याचा क्षारपणा, आणि त्यावर जगणारी सृष्टी, दोन्ही संकटात येतील. तिचे रक्षण एकट्या भूशास्त्रज्ञाचे काम नव्हे, एकट्या पुरातत्त्वज्ञाचेही नव्हे. 'मी कला शाखेचा, मला विज्ञानाशी काय करायचे?' असे म्हणणाऱ्याला लोणारचे अर्धेच दर्शन घडेल. आणि विज्ञान शाखेचा मित्र मंदिराकडे पाठ फिरवील, तर त्यालाही अर्धेच. म्हणून मार्गदर्शकातील उत्तर जरूर पाठ करावे. मात्र त्यापुढे पेन्सिलीने 'का?' एवढे एक अक्षर लिहून ठेवावे. खऱ्या ज्ञानाचा आरंभ तेथून होतो.